एल्म: ट्रेमधलं चायनीज आणि रस्त्यावरचा आपला वावळ

माझं पहिलं चायनीज एल्म, म्हणजे उथळ ट्रेमधे वाढवलेलं बोन्साय, टीव्हीच्या शेजारी मेलं. विकणाऱ्याने सांगितलं होतं इनडोअर आहे, आठवड्यातून एकदा पाणी, बाकी काही बघावं लागत नाही, आणि मी शहाण्यासारखी दर रविवारी वाटीभर पाणी घालत बसले. आधी पानं पिवळी झाली, मग टपटप गळली, मग काड्या राहिल्या, त्या काड्यांनाही मी महिनाभर पाणी घातलं. आता गच्चीवर सात एल्म आहेत, त्यातली तीन मी मुळांच्या तुकड्यांपासून केलेली. मधल्या काळात जे शिकले ते सगळं इथे लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी इनडोअरचं भूत उतरवू. थंड देशांमधे हिवाळ्यात बाहेर बर्फ असतो, आणि ही झाडं दक्षिण चीनमधल्या उबदार भागात वाढवलेली, म्हणून तिकडे ती घरात ठेवून विकतात. ते लेबल तसंच्या तसं आपल्याकडे आलंय. पुणे, नाशिक, कोल्हापूर, मुंबई कुठेही राहात असाल तरी चायनीज एल्म बाहेर ठेवायचं झाड आहे, गच्ची नाहीतर बाल्कनी, आणि रोज चार-पाच तास तरी ऊन. घरात पाहुणे येणार म्हणून एक-दोन दिवस आत आणा, कौतुक करून घ्या, परत बाहेर.

घेताना काय बघायचं

सगळ्यात पहिलं म्हणजे ते खरंच एल्म आहे का. नर्सरीत बऱ्याचदा फुकियन टी (म्हणजे कारमोना) हे दुसरंच झाड एल्म म्हणून गळ्यात मारतात, कधी कधी त्यांना स्वतःलाही माहीत नसतं. एल्मचं पान साधारण दोन ते पाच सेंटिमीटर, कडेला बारीक दाते, आणि देठाजवळ दोन्ही बाजू सारख्या नसतात, एक बाजू जरा खाली उतरलेली असते. हा तिरपा बुडखा म्हणजे एल्मची खूण, जगातल्या बहुतेक एल्मना आहे. कारमोनाचं पान टोकाला रुंद असतं, तिथे दोन-तीन खाचा आणि वर बारीक पांढरे ठिपके. आणि पान तोडल्यावर चीक आला तर ते फायकस आहे, पैसे देऊ नका, फायकस निम्म्या किमतीत मिळतं.

दुसरं, कुंडी थोडी हलवून बघा, झाड मातीत डुगडुगत असेल तर मुळं धरलेली नाहीत. तिसरं, वर चिकटवलेले पांढरे खडे असतील तर नखाने एक उचकटून खाली बोट घाला. खाली बहुतेक वेळा चिकणमातीचा गोळा असतो, पाणी वरून वाहून जातं आणि आत मुळांना थेंब मिळत नाही. माझं पहिलं झाड खरं तर ह्यानेच मेलं असणार, रविवारच्या वाटीतलं पाणी आत गेलंच नसेल.

एस आकाराच्या खोडाला हसणारे बोन्सायवाले खूप आहेत. मीही हसायचे. पण सुरुवातीला तेच घ्या, स्वस्त असतं, आणि हात बसेपर्यंत शिकायला उत्तम. सालीचे पापुद्रे निघून खाली केशरी-तपकिरी डाग दिसत असतील तर घाबरू नका, तो रोग नाही, ह्या झाडाची साल तशीच सुटते आणि जुन्या झाडावर फार सुंदर दिसते. कॉर्क बार्क नावाचा एक प्रकार येतो, त्याची साल उलट जाड आणि भेगाळलेली असते. सेजू, कॅटलिन अशा फार बारीक पानांच्या जातीही आहेत, पण त्या मिळाल्या तरी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी घ्या.

पहिला महिना हात बांधून बसा

घरी आणल्यावर झाड पानं टाकणार, निम्मी तरी. जागा बदलली, ऊन बदललं की चायनीज एल्म हेच करतं. ह्यावर लोक तीन गोष्टी करतात, जास्त पाणी घालतात, खत घालतात आणि कुंडी बदलतात, आणि तिन्ही चुकीच्या. काहीही करू नका. सकाळचं ऊन मिळेल अशा जागी ठेवा आणि माती ओलसर ठेवा. शंका आली तर बारीक फांदीवर नखाने हलकासा ओरखडा काढा, आत हिरवं दिसलं म्हणजे झाड जिवंत आहे. दोन-तीन आठवड्यात कोंब फुटतात. पानं नसताना झाड पाणीही कमी पितं, त्यामुळे ह्या काळात भरमसाट पाणी म्हणजे मुळं कुजवण्याची गॅरंटी.

पाणी

"किती दिवसांनी" हा प्रश्नच विचारायचा नाही, कारण उत्तर रोज बदलतं. बोट अर्धा इंच मातीत घाला, कोरडं होत आलंय असं वाटलं की घाला, आणि घालताना असं घाला की खालच्या भोकातून वाहायला लागलं पाहिजे, मग दोन मिनिटं थांबून पुन्हा एकदा. वाटीने चुळकाभर पाणी घालणं बंद. मार्च ते मे गच्चीवर दोनदा लागतं, सकाळी लवकर आणि संध्याकाळी. थंडीत माझ्याकडे कधी एक दिवसाआड पुरतं.

उन्हाळ्यात खरा त्रास हवेपेक्षा ट्रे तापण्याचा असतो. सिमेंटच्या गच्चीवर थेट ठेवलेला उथळ ट्रे दुपारी हात लावता येत नाही इतका तापतो आणि कडेची मुळं भाजून निघतात. लाकडी स्टूल, फळी, विटा, काहीही चालेल पण जमिनीपासून उचला. अकरानंतर पन्नास टक्केवाली हिरवी शेडनेट. नागपूर-अकोल्याकडे तर एप्रिल-मे पूर्ण शेडनेटखालीच ठेवा, तिथल्या ४४-४५ डिग्रीत पानांच्या कडा जळतात.

पावसाळ्यात उलटं. सलग आठवडाभर झड लागली की ट्रेमधे पाणी साचून राहतं. ट्रेच्या एका बाजूखाली अर्धी वीट सरकवायची, ट्रे तिरपा झाला की जास्तीचं पाणी एका कोपऱ्याकडून निघून जातं, फुकटचा आणि फार कामाचा उपाय आहे हा. कोकणात आणि गोव्यात मात्र जुलैमधे वर काहीतरी पारदर्शक छप्पर हवंच, नाहीतर पानांवर काळे ठिपके पडून झाड ऐन पावसात उघडं होतं.

चार दिवस गावाला जायचं असेल तर ट्रे एका मोठ्या टबात ओल्या वाळूत बुडखा टेकवून सावलीत ठेवून जा. शेजाऱ्यांवर विसंबू नका, ते प्रेमाने बुडवतात.

माती आणि कुंडी बदलणं

ह्यावर जरा सविस्तर लिहिते कारण सगळं इथेच फसतं किंवा जमतं. ट्रेमधे मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. आपली काळी माती अजिबात नको, ओली असताना लोणी आणि सुकली की दगड. बाहेरची महागडी अकाडामा, म्हणजे जपानी दाणेदार माती, मिळते ऑनलाइन, पण त्याशिवायही काही अडत नाही. मी वापरते ते असं: दोन भाग फुटक्या विटेचा बारीक चुरा, एक भाग क्रश सँडमधली जाडी खडी, एक भाग जुनं, भुसभुशीत गांडूळखत.

विटेचा चुरा चाळणं म्हणजे अर्ध काम. स्वयंपाकघरातल्या जुन्या दोन चाळण्या घ्या (परत स्वयंपाकघरात जाणार नाहीत हे घरी आधी सांगून ठेवा). गव्हाच्या चाळणीवर जे उरतं ते पुन्हा ठेचायचं, रव्याच्या चाळणीतून जे खाली पडतं ती पूड फेकायची किंवा मोठ्या कुंड्यांना द्यायची. मधलं जे राहतं तेच आपलं. पूड राहिली की भोकं बुजतात आणि पुन्हा तोच चिखल, त्यामुळे आळस करू नका.

वेळ: पुण्यात जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. डिसेंबरात झाड पिवळं पडून बरीच पानं टाकतं, आणि मग डोळे फुगायला लागतात, हिरवी टोकं दिसायच्या आत काम उरकायचं. मुंबईत झाड पूर्ण उघडं पडत नाही, तरी महिना तोच धरा. हुकलं तर दुसरी संधी जूनमधे, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर. भर एप्रिल-मेमधे करू नका.

झाड काढायच्या आदल्या दिवशी पाणी थोडं कमी द्या म्हणजे गोळा सुटा निघतो. बांबूच्या काडीने, मी चायनीजच्या पार्सलबरोबर आलेली चॉपस्टिक वापरते, बाहेरून आत हळूहळू माती मोकळी करायची, केस विंचरल्यासारखी. गोल गोल फिरलेली मुळं सोडवा, एकूण मुळांतला साधारण तिसरा हिस्सा कापा. कापताना खाली सरळ जाणारी जाड मुळं आधी, आणि बुंध्यापासून आडवी पसरणारी पृष्ठभागाजवळची मुळं राखायची, पुढे जाऊन झाडाचा सगळा रुबाब त्या आडव्या मुळांवर असतो. नर्सरीचा चिकणमातीचा गोळा असेल तर एकाच वेळी सगळा धुवून काढायचा मोह होतो, ह्या वर्षी अर्धी बाजू करा आणि अर्धी पुढच्या वेळी.

ट्रेच्या भोकांवर जाळी, भोकातून एक तार वर घेऊन तिने मुळांचा गोळा आवळून बांधायचा. हे बरेच जण करत नाहीत आणि मग वाऱ्याने झाड हललं की नवी पांढरी मुळं तुटत राहतात. मिश्रण घालून काडीने टोचत टोचत पोकळ्या भरा, हाताने दाबू नका. भरपूर पाणी, खालून स्वच्छ पाणी यायला लागेपर्यंत. मग तीन आठवडे अर्धसावली आणि महिना-दीड महिना खत नाही. तरुण झाडाला हे दर दोन वर्षांनी, जुन्याला तीन-चार वर्षांनी.

कापलेली जाड मुळं टाकू नका! पेन्सिलीएवढ्या जाडीचा, आठ-दहा सेंटिमीटरचा तुकडा, जी बाजू बुंध्याकडे होती ती वर ठेवून कुंडीत उभा खोचा, टोक मातीच्या जरासं वर. काही आठवड्यांनी टोकाभोवती कोंबांचा झुपका येतो. एल्मइतकं हे सोपं फार कमी झाडांना जमतं, आणि मुळाचा तुकडा आधीच वेडावाकडा असल्याने बोन्सायला आयतं खोड मिळतं. फांदीची छाटही लागते, जून-जुलैत बोटभर लांब, अर्धवट पिकलेली फांदी वाळू-कोकोपीटमधे, पण मला मुळंच आवडतात.

आधी बुंधा, मग ट्रे

आता माझं सगळ्यात आवडतं भांडण. छोटं रोप आणलं की लोक लगेच उथळ ट्रेमधे घालतात आणि दहा वर्षांनी विचारतात की खोड अजून पेनाएवढंच का. ट्रेमधे खोड जाड होत नाही, होतं पण मुंगीच्या वेगाने. जाडी हवी असेल तर झाडाला मोकळं सोडावं लागतं. वीस लिटरची रंगाची बादली घ्या, खाली पाच-सहा भोकं पाडा, लावा आणि वरची एक फांदी चांगली चार-पाच फूट वाढू द्या, छाटायचं नाव काढू नका. दोन-तीन वर्षं दिसायला जंगल दिसेल, येणारा-जाणारा हसेल. खाली बुंधा हवा तेवढा झाला की फेब्रुवारीत तो उंच दांडा खालच्या एखाद्या फुटव्याच्या वर तिरपा कापायचा आणि तो फुटवा नवा शेंडा म्हणून वर घ्यायचा. तो थोडा जाड झाला की पुन्हा कापा. असं दोन-तीनदा झालं की खोड खाली जाड आणि वर निमुळतं होत जातं, आणि वळणंही आपोआप येतात. कापलेल्या जागी कट पेस्ट लावा. एल्मची जखम छान भरून येते, पण अंगठ्यापेक्षा मोठी असेल तर मी पावसाळ्यात कापत नाही.

छाटणी आणि तार

चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात लिंगनान नावाची पद्धत आहे, तिच्यात तार जवळजवळ वापरतच नाहीत, वाढू दे आणि काप, वाढू दे आणि काप. एल्म ह्या पद्धतीसाठीच जन्मल्यासारखं झाड आहे. नवी फांदी पाच-सहा पानांची झाली की दोन पानांवर कापायची. पानं आलटून-पालटून असतात, शेवटचं ठेवलेलं पान ज्या बाजूला त्या बाजूला नवी फांदी जाणार, म्हणजे कात्री कुठे लावायची ते आधी ठरवता येतं. डावीकडे हवी तर डावं पान शेवटचं. पावसाळ्यात हे दर तीन-चार आठवड्यांनी करावं लागतं. वरचा शेंडा जोरात वाढतो आणि खालच्या फांद्या मरतुकड्या होतात म्हणून वर जास्त कापा, खाली सवलत द्या.

तार लावायचीच असेल तर ॲल्युमिनियमची, फांदीच्या साधारण एक तृतीयांश जाडीची, पंचेचाळीस अंशात गुंडाळायची. आणि लक्ष ठेवा. एल्म पावसाळ्यात इतकं भरतं की सहा आठवड्यात तार सालीत रुतते आणि तो स्प्रिंगसारखा व्रण वर्षानुवर्षं जात नाही. काढताना उलगडत बसू नका, तुकडे करून काढा. तार वाचवायला गेले आणि तीन वर्षं सांभाळलेली फांदी मोडली, ही माझी कर्माची कहाणी.

खत-पाणी, कीड-बिड

खताचं थोडक्यात. फेब्रुवारीअखेर ते ऑक्टोबर, पंधरा दिवसांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं खत) लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, आणि दीड-दोन महिन्यांनी चमचाभर निंबोळी पेंड. शेंगदाण्याच्या पेंडीने झाड खूश होतं पण मुंग्या आणि उंदीरही होतात.

कीड मुख्यतः तीन. मावा नव्या कोंबांवर, पिठ्या ढेकूण फांद्यांच्या बेचक्यात, आणि मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत लाल कोळी. कोळी दिसत नाहीत, पान निस्तेज आणि ठिपक्याठिपक्यांचं होतं, खाली पांढरा कागद धरून फांदी झटकली की बारीक ठिपके चालताना दिसतात. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानांची खालची बाजू धुणं, आठवडाभर रोज, हा निम्मा इलाज. उरलेल्यासाठी संध्याकाळी निंबोळी तेल, लिटरला पाच मिली, थोडा लिक्विड साबण घालून. पिठ्या ढेकूण जुन्या टूथब्रशने काढा.

एक मात्र ठळक लिहून ठेवा: डायमेथोएट असलेलं औषध एल्मवर मारू नका. आंब्या-जास्वंदीला मारता मारता मी उरलेलं एल्मवर मारलं आणि आठवड्यात सगळी पानं खाली. झाड वाचलं, महिन्याभरात परत फुटलं, पण वाढीचा मोसम वाया गेला. लेबलवर बारीक अक्षरात घटक लिहिलेला असतो, चष्मा लावून वाचा.

अंगणात लावायचं असेल तर

ज्यांच्याकडे जागा आहे ते विचारतात की चायनीज एल्म जमिनीत लावू का. लावा, चाळीस-पन्नास फुटांपर्यंत जाऊ शकतं. पण महाराष्ट्रात अंगण असेल तर माझं मत वावळाला. आपल्या रस्त्याकडेला, डोंगरउतारावर असतो तो वावळ किंवा वावळा, हिंदीत चिलबिल, संस्कृतात चिरबिल्व, हा एल्मच्याच कुळातला. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने त्याला आधी उल्मस म्हणजे एल्मच म्हटलं होतं, नंतर प्लांशाँ ह्या दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा वंश वेगळा केला. ओळखायची सोपी खूण म्हणजे पान चुरगळलं की घाण वास येतो, आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला पोपटी, गोल, पापडीसारख्या फळांचे घोस इतके लागतात की लांबून पालवीच फुटल्यासारखी वाटते. पोरं त्या पापडीच्या मधली बी सोलून खातात, साधारण चारोळीसारखी लागते.

वावळ मोठा होतो, साठ फूट सहज, त्यामुळे घर, कंपाउंड आणि विजेच्या तारांपासून तीस फूट तरी लांब. दीड-दोन फुटांचा खड्डा, काढलेल्या मातीत दोन घमेली शेणखत, जूनच्या पहिल्या पावसानंतर लावायचं. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा-दोनदा भरपूर पाणी आणि आळ्यात पालापाचोळ्याचं जाड आच्छादन, तिसऱ्या वर्षापासून त्याचं तो बघतो. पहिली पाच वर्षं एकच सरळ शेंडा ठेवा, जोडशेंडा आला तर एक काढा. घरात कुणाला दमा किंवा परागकणांची ॲलर्जी असेल तर मात्र खिडकीजवळ नको, ह्याचे परागकण त्या बाबतीत बदनाम आहेत.

वावळाचं बोन्साय होतं का, होतं, पण पान तीन-चार इंचांचं असतं, ते छाटून छाटूनही फार बारीक होत नाही. त्यामुळे दोन फुटांच्या खाली करू नका, नाहीतर कोबी दिसतो.

बाहेर राहणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने मागच्या अंगणासाठी विचारलं होतं. तिकडे डच एल्म रोग आहे. ही बुरशी, सालीखाली राहणारे भुंगे ती एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात, आणि शेजारच्या झाडांची मुळं जमिनीत जुळलेली असतील तर त्यातूनही जाते. नाव डच कारण त्याचा छडा १९२० च्या दशकात हॉलंडमधल्या संशोधक बायकांनी लावला, बेआ श्वार्त्स आणि क्रिस्टीन बाउसमान. ब्रिटनमधे १९६० च्या दशकाअखेर आलेल्या जहाल प्रकाराने दोन-अडीच कोटी एल्म मारली. न्यूयॉर्कला सेंट्रल पार्कमधल्या मॉल नावाच्या फिरायच्या रस्त्यावर जी कमान करून उभी अमेरिकन एल्म आहेत, आपले सगळे पाहुणे फोटो काढतात तीच, ती सतत लक्ष ठेवून वाचवलेली आहेत. तिला मी सांगितलं की साधं अमेरिकन एल्म नको, एक तर प्रिन्स्टन घे, तिच्याच राज्यात १९२२ मधे निवडलेली जात, नाहीतर व्हॅली फोर्ज, नाहीतर सरळ चायनीज एल्म, त्याला हा रोग सहसा बाधत नाही. एप्रिल ते ऑगस्ट छाटणी नाही, कारण ताज्या जखमेच्या वासावर भुंगे येतात, आणि एल्मची सालीसकट लाकडं अंगणात रचून ठेवायची नाहीत. भर उन्हाळ्यात एकच फांदी पिवळी पडून मलूल झाली तर थांबायचं नाही, झाडांच्या डॉक्टरला त्याच आठवड्यात बोलवायचं.

काश्मिरातही एल्म आहे, तिकडे त्याला ब्रेन म्हणतात, आणि हॉलंडवाल्यांनी रोगाला टिकणाऱ्या जाती करताना ह्या हिमालयी एल्मचं रक्त वापरलंय. सहलीला गेलात तर बघा, पण रोप आणू नका, त्याला थंडी लागते, इथे टिकत नाही.

वावळाचं बी गोळा करायचं तर एप्रिल-मेमधे, पापड्या वाळून तपकिरी झाल्या आणि वाऱ्याने रस्त्यावर लोळायला लागल्या की. ताजं बीच रुजतं, डब्यात भरून पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. त्याच आठवड्यात पंख चोळून काढा, मातीवर पसरा, वरून बोटाच्या पेराच्या निम्मी माती, रोज हलका शिडकावा. आणि पेरलेल्या कुंडीवर जाळी घाला, चिमण्या आणि खारींनाही ती चारोळी आवडते.